रत्नाक्कांचा धुतलेला डबा

दुपारी बाराच्या सुमाराला डबागाड्या परत यायला लागल्या, की ज्येष्ठान्न केंद्राचा तळमजला झाकणांच्या आवाजानं भरून जायचा. गाड्या गुडघ्याएवढ्या, बिनमाणसाच्या, रबरी चाकांच्या. सोलापूरच्या गल्लीबोळांतून त्या न चुकता फिरायच्या, सत्तरी ओलांडलेल्या आणि एकट्या राहणाऱ्या साडेनऊ हजार माणसांच्या दारात दोन्ही वेळचं जेवण ठेवायच्या, आणि कालचा डबा उचलून आणायच्या. मग तो डबा पट्ट्यावर चढायचा. झाकण आपोआप उघडायचं आणि काळ्या कमानीखालून जाताना त्याच्यावर चार रंगांचा उजेड पडायचा.

त्या कमानीचं नाव अवशेषवाचक. डब्याच्या चार कप्प्यांत काय उरलंय, किती ग्रॅम उरलंय, त्यात पिष्ट किती, स्निग्ध किती, साखर किती, हे सगळं ती श्वास घ्यायच्या आत सांगायची.

डॉ. तनुजा सोनटक्के कमानीशेजारच्या काचेच्या खोलीत बसली होती. दीड वर्षाच्या बालसंगोपन रजेवरून ती तीनच आठवड्यांपूर्वी कामावर परतली होती, आणि ती नसताना केंद्रात बरंच काही बदललं होतं. समोरच्या पडद्यावर एक अर्ज होता. खाली सहीची जागा रिकामी होती.

"आधी मला हे नवं सूत्र नीट समजावून सांगा, फैयाजभाई," ती म्हणाली. "मग सहीचं बघू."

फैयाज तांबोळी हा केंद्राचा यंत्रविशारद. अवशेषवाचक त्यानंच बांधलेला. चहाचा कप त्यानं अर्जापासून लांब सरकवला आणि खुर्ची ओढली.

"सोपंय मॅडम. तुमच्या जाईला तुम्ही भात वाढता. तिनं रोज दोन घास टाकले, तर उद्या काय कराल?"

"दोन घास कमी वाढीन."

"झालं. हेच आपलं वाढप-सूत्र. आठवडाभर डब्यात जेवढं उरतं, तेवढं पुढच्या आठवड्यात कमी वाढायचं. म्हाताऱ्या माणसांची भूक मंदावते, आणि कबूल तर कुणी करत नाही. आधी रोज पाऊण टन अन्न फुकट जात होतं. ते वाचलं, त्यातून प्रतीक्षा यादीतली सहाशे नवीन माणसं जेवायला लागली. वाईट काही नाही त्यात."

"आणि ज्यांचं कमी केल्यावरही उरतं?"

"त्यांचं आणखी कमी होतं. तरीही उरत राहिलं आणि वजन उतरलं, तर सूत्र त्यांना अन्नविमुख ठरवतं. म्हणजे भूकच मेलेली. अशांना घरी ठेवणं धोक्याचं. मग पोषणगृह, नळीनं पोषणद्रव." त्यानं पडद्याकडे बोट केलं. "या आठवड्यात एक्केचाळीस जण आहेत. पहिलं नाव हे."

पहिलं नाव होतं रत्नमाला भोसगे. वय शहात्तर. चाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवण्याचं काम. जुन्या घरकुलातल्या दोन खोल्या, सोबत कुणी नाही. दारातल्या तोलपट्टीवरचं वजन पाच महिन्यांत एकोणपन्नास किलोवरून एक्केचाळीसवर आलेलं. सुरुवातीला त्यांच्या डब्यात रोज नऊशे ग्रॅम अन्न जायचं. आता चारशे वीस. आणि त्यातलंही पावणेदोनशे परत यायचं.

"त्यांच्याशी कुणी बोललंय?"

"आपला फोनवरचा आवाज दर सोमवारी विचारतो ना. जेवण आवडलं का, पुरलं का. यांची उत्तरं बघा." फैयाजनं यादी खाली सरकवली. आवडलं. पुरलं. आवडलं. पुरलं. वीस आठवडे तेच. "शनिवारी गाडी न्यायला येईल. शुक्रवारपर्यंत तुमची सही लागते."

आज बुधवार होता.

"जाई भात टाकते तेव्हा मी नुसतं ताट बघत नाही हो," तनुजा म्हणाली. "तिच्या तोंडाकडेही बघते."

फैयाजनं खांदे उडवले. "कमानीला तोंड कुठून दिसणार, मॅडम?"

एक वाजता ती वरच्या मजल्यावरच्या पाळणाघरात गेली. हा अर्धा तास तिचा स्वतःचा होता. म्हणजे जाईचा. अडीच वर्षांची जाई मुगाच्या खिचडीत दोन्ही हात घालून बसली होती. थोडी खिचडी पोटात गेली होती, थोडी कोपराला लागली होती, आणि उरलेलीत तिनं बोटानं विहीर खणली होती.

"आई, तू खा," म्हणून तिनं ताट ढकललं.

तनुजानं नेहमीप्रमाणे ते उष्टं ताट पुढ्यात ओढलं. तिचं स्वतःचं दुपारचं जेवण अलीकडे बहुधा असंच व्हायचं. दोन घास खाल्ल्यावर तिचा हात थांबला. ती ताटाकडे बघत राहिली. उरलेलं अन्न असं दिसतं. त्यात बोटं उमटलेली असतात, घास अर्धवट तोडलेले असतात, लाळ लागलेली असते, एखादी न आवडलेली मिरची कडेला काढलेली असते.

आणि रत्नमाला भोसगेंचा डबा? मघाशी पाहिलेलं कमानीखालचं चित्र तिला आठवलं. लख्ख डबा, आणि एकाच कप्प्यात मधोमध भाकरीचा चतकोर. कडा सरळ. त्यावर भाजीचा एक नीट गोळा.

तिनं जाईचं तोंड पुसलं, तिची पापी घेतली आणि जिना उतरताना दोन पायऱ्या गाळल्या.

"फैयाजभाई, कमान लाळ तपासते ना?"

"तपासते. पण ते आकडे आपल्याकडे नसतात. संसर्ग कळावा म्हणून ते आरोग्य विभागाकडे जातात. सूत्राला फक्त वजन लागतं."

"भोसगेबाईंचे आकडे मागवा."

आकडे यायला दहा मिनिटं लागली. पाच महिन्यांच्या रकान्यात रोज एकच शेरा होता: नमुना अपुरा.

"लाळच नाही," फैयाज म्हणाला. "डबा धुतलाय. अहो, झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, डबा धुवू नये. पण ऐकतं कोण? खरकटं भांडं दुसऱ्याच्या हातात द्यायला या बायकांना जड जातं. आमच्या अम्मीलाही नाही जमायचं."

"रोज धुतला?"

"रोज."

"मग धुतलेल्या डब्यात उरलेलं अन्न राहील कसं?"

फैयाजनं चष्मा काढून पुसला.

"आधी डबा धुतला," तनुजा सावकाश म्हणाली, जणू स्वतःलाच सांगत होती. "कोरडा केला. आणि मग त्यात ठेवलंय. कुणीतरी मुद्दाम ठेवलंय ते. अगदी पहिल्या आठवड्यात काय होतं, काढा बघू."

त्यानं पहिला आठवडा काढला. पंधरा ग्रॅम. घटक: साखर.

तनुजानं त्या शब्दावर बोट ठेवलं.

"आपण डब्यात साखर पाठवतच नाही," तनुजा म्हणाली. "एकालाही नाही. निम्म्या लोकांना मधुमेह आहे."

"कमानीनं बरोबर ओळखलं होतं," फैयाजचा आवाज खाली गेला. "बाह्य पदार्थ म्हणून लिहूनही ठेवलं होतं. पण विषारी काही नसेल तर तो रकाना कुणी उघडत नाही. सूत्रानं फक्त वजन उचललं. पंधरा ग्रॅम उरलं, पंधरा ग्रॅम कमी करा." त्यानं पुढचे आठवडे सरकवले. साखर, साखर, मग शेंगदाणे आणि लाल तिखट, मग पुन्हा साखर, थोडी कमी. सातव्या आठवड्यापासून साखर थांबली आणि भाकरी सुरू झाली. आपलीच भाकरी. आधी एक तुकडा, मग चतकोर, मग त्यावर भाजी.

"कशासाठी?" तनुजानं विचारलं.

फैयाजच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं, पण तिला ते नीट कळलं नाही. "तुम्ही जाऊनच या, मॅडम," एवढंच तो म्हणाला.

गुरुवारी सकाळी ती घरकुलात पोचली तेव्हा दार उघडंच होतं. आत शिलाई मशीन, त्यावर जुनी चादर, भिंतीला टेकवलेला पाट. रत्नमालाबाई उंच होत्या. चोळी अंगावर ढगळ झालेली, गळ्याची हाडं वर आलेली. पण डोळे चांगले तरतरीत.

"कुणाची गं तू?" त्यांनी विचारलं.

"मी ज्येष्ठान्न केंद्रातून आले. तनुजा. जिथून तुमचा डबा येतो ना, तिथून."

म्हातारीचा चेहरा एकदम उजळला. "आत्ता गं बाई. मग उंबऱ्यात कशाला उभी? ये की आत. तूच करतेस होय स्वयंपाक? मी रोज म्हणते, कोण बाई असेल ती, वांग्याला कूट किती बेतानं घालते. बस. मला रत्नाक्का म्हणतात समदे."

स्वयंपाक बारा यांत्रिक हात करतात, हे सांगायला तनुजाची जीभ उचलली नाही. ती पाटावर बसली.

"अक्का, तुम्हाला जेवण जातं का?"

"जातं की. न जायला काय झालं?"

"मग डब्यात रोज भाकरी ठेवता ती?"

रत्नाक्का जरा ओशाळल्या. पदर सारखा केला. "ते होय. आधी साखर घालत होते बघ. मग शेंगाची चटणी घातली, माझ्या हातची. ते सरलं. आता घरात काही नसतं, म्हणून तुमच्यातलंच थोडं काढून ठेवते, जेवायला बसायच्या आधी. उष्टं नाही हो ते. तेवढं कळतं मला."

"पण ठेवता कशाला?"

आता चकित व्हायची पाळी रत्नाक्कांची होती. स्वयंपाक करणाऱ्या बाईला एवढंही ठाऊक नसावं, अशा नजरेनं त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"भांडं रिकामं कसं धाडायचं गं? दुसऱ्याच्या घरचं भांडं. कुणी भरून दिलं, तर धुवून, चिमूटभर का होईना, काहीतरी घालूनच परत द्यायचं. तुझ्या आईनं नाही सांगितलं?"

सांगितलं होतं. तनुजाला शेजारच्या काकूंची पितळी वाटी आठवली, तिच्यात आईनं टाकलेला गुळाचा खडा आठवला. वाटी पोचवायला तिलाच पाठवायची आई, आणि वाटेत ती तो खडा चाटायची. मग घरोघर एकदाच वापरायचे खोके आले, परत द्यायचं भांडंच उरलं नाही, आणि ती ते विसरूनही गेली.

"पण अक्का, जेवण कमी कमी येत होतं ना? सोमवारी विचारतात तेव्हा पुरत नाही म्हणून सांगायचं."

"वाढणाऱ्याला पुरलं नाही म्हणून सांगतं होय कुणी?" रत्नाक्का हसल्या. मग हसू थांबलं, आणि त्या जरा पुढे वाकून हळू आवाजात बोलल्या, घरातलं काही बोलावं तसं. "कमी येत होतं, ते कळलं मला. आधी दोन भाकरी असायच्या, मग दीड, मग एक. म्हटलं, त्या बाईच्याच घरात ओढाताण दिसतीय. तरी बिचारी धाडायचं थांबत नाही. म्हणून मी जरा जास्त घालून धाडायला लागले. तुझ्या घरी लेकरंबाळं असतील."

तनुजानं खाली बघितलं. जमिनीवरची फरशी तिला दिसेना झाली. डब्यातलं कमी झालं म्हणून ही बाई जास्त परत पाठवत होती, आणि जास्त परत आलं म्हणून सूत्र आणखी कमी वाढत होतं. दोघं एकमेकांना जपत होती, आणि आठ किलो अंगावरून उतरलं होतं.

"एक लेकरू आहे," ती कशीबशी म्हणाली. "जाई नाव तिचं."

"मग तिला घेऊन ये पुढच्या खेपेला. फ्रॉक शिवते तिला. मशीन चालू आहे अजून."

केंद्रात परतल्यावर तिनं सगळं सांगितलं. फैयाजनं पहिल्या आठवड्याचे आकडे पुन्हा पडद्यावर काढले.

"मला काल साखर बघूनच शंका आली होती," तो शेवटी म्हणाला. "ईदचा शीरखुर्मा आमच्याकडून शेजारी जातो. भांडी परत येतात तेव्हा प्रत्येकात साखर असते. लहानपणापासून बघतोय मी. पण पट्ट्यावर आलं की ते कुणाच्या घरचं भांडं राहत नाही, मॅडम. नमुना होतो. मीच तर तसं बांधलंय."

अर्ज तिनं सही न करता परत पाठवला. बाकीच्या चाळीस जणांचे डबेही तपासले. बत्तीस डबे धुतलेले. एकात पेरूची फोड, एकात कढीपत्त्याची डहाळी, तीन डब्यांत साखर, बाकीच्यांत केंद्रातूनच गेलेलं अन्न. संध्याकाळच्या आत फैयाजनं सूत्र बदललं. लाळ नसलेलं अन्न उरलेलं धरायचं नाही. ते धाडलेलं धरायचं. कमी करायचं तर नाहीच, उलट जेवढं धाडलं तेवढं दुसऱ्या दिवशी वाढवून द्यायचं.

"आणि दुसरी एक गोष्ट," तो कळफलकावरून हात न काढता म्हणाला. "जो माणूस रोज काहीतरी ठेवतो, त्याचा डबा एखाद्या दिवशी रिकामा आला तर? घरात कण नाही, नाहीतर अंगात बळ नाही. किंवा त्याहून वाईट. तसं झालं तर आपल्याकडे घंटा वाजू दे."

शनिवारी रत्नाक्कांच्या दारात गाडी आलीच नाही.

पुढचे तीन महिने घंटा वाजली नाही. रत्नाक्कांचं वजन सत्तेचाळीसवर गेलं. रविवारी तनुजा जाईला घेऊन घरकुलात जायची. आधी तपासणी म्हणून, मग तपासणीचं नाव न घेता. जाईला निळ्या चौकड्यांचा फ्रॉक मिळाला, गणवेशाच्या कापडाचा. तिथल्या जमिनीवर ती दोरे पसरायची आणि भाकरीचा पहिला तुकडा अक्कांच्या तोंडात कोंबायची. बुधवारी-गुरुवारी डब्यातून तनुजाच्या नावानं चटणी यायची. कमान तिला आता बिनचूक ओळखायची.

आणि मग एका मंगळवारी, बारा वाजून दहा मिनिटांनी, घंटा वाजली.

पडद्यावर नाव आलं: रत्नमाला भोसगे. धुतलेला डबा. चारही कप्पे रिकामे. शून्य ग्रॅम.

"तोलपट्टी काय म्हणते?" तनुजानं विचारलं. ती तोवर उभी राहिली होती.

"सकाळपासून कुणी पाऊल ठेवलेलं नाही." फैयाज तिच्याकडे बघायचं टाळत होता. "रविवारी कशा होत्या?"

"खोकत होत्या थोड्या."

पाळणाघर दुपारी एकला बंद होणार होतं, त्या दिवशी अर्धी सुट्टी होती. तिनं झोपाळलेल्या जाईला खांद्यावर घेतलं आणि रिक्षा पकडली. वाटेत तिनं दोनदा फोन लावला. उचलला गेला नाही. जाईचं डोकं तिच्या मानेवर जड होत गेलं. दार लावलेलं असेल का, शेजारी कुणी असेल का, जाईला कुणाच्या हातात द्यायचं, असे प्रश्न तिच्या डोक्यात एकामागून एक येत होते, आणि या सगळ्यांच्या मागे जो होता त्याच्याकडे ती बघत नव्हती.

दार लोटलेलं होतं. आतून खडखड ऐकू येत होती. एकसारखी, ठेक्यात.

रत्नाक्का मशीनवर वाकून बसल्या होत्या. समोर पिवळं कापड.

"अगं, आज मंगळवारी कशी काय?" त्यांनी मान वर केली. "आणि ही माझी बाय झोपली होय?"

तनुजानं दाराच्या चौकटीला हात टेकला. तिला दम लागला होता, आणि राग आला होता, आणि डोळ्यांत पाणी होतं. "अक्का, फोन का नाही उचलला?"

"मशीनच्या आवाजात कुठं ऐकू येतो? काय झालं?"

"डबा रिकामा आला तुमचा."

"मग?"

"रोज काहीतरी असतं त्यात. आज काहीच नाही. मला वाटलं..."

रत्नाक्कांनी मशीनचं चाक हातानं थांबवलं. आपल्या चुकलेल्या मुलीकडे बघावं तसं त्या तिच्याकडे बघत राहिल्या.

"रात्री ध्यानात आलं माझ्या," त्या म्हणाल्या. "म्हटलं, मी हे काय करतीय? भांडं भरून द्यायचं ते परक्या घराला. आपल्या लेकीच्या घरचं भांडं, त्याला कशाला असला उपचार? धुतलं, पुसलं, रात्रीच दारात ठेवून दिलं." मग जरा थांबून, "चुकलं होय माझं?"

"नाही," तनुजा म्हणाली. तिनं जाईला त्यांच्या मांडीवर दिलं आणि स्वतः पाटावर बसली.

फोन वाजला. पलीकडे फैयाज होता. ती बोलायच्या आधीच त्यानं विचारलं, "आहेत?"

"आहेत. फ्रॉक शिवतायत." तिनं त्याला थोडक्यात सांगितलं.

त्यानं घसा खाकरला. "घंटा बंद करायला कारण भरावं लागतं. माझ्या यादीत आजार आहे, पडणं आहे, उपासमार आहे, मृत्यू आहे. हे कशात बसवू?"

"नवीन कारण घाला. घरचं भांडं."

"घालतो. पण मॅडम, शून्य ते शून्यच. माणूस गेला तरी डबा रिकामा, आणि माणूस आपला झाला तरी डबा रिकामा. कितीही किरण लावले, तरी कमानीला यातला फरक कळायचा नाही."

"नाहीच कळणार."

"मग करायचं काय? दर वेळी..."

त्याच्या मागे, केंद्रात, घंटा वाजल्याचं तिला फोनमधून ऐकू आलं. फैयाजनं नाव वाचलं. भवानी पेठेतले एक आजोबा, वय एक्क्याऐंशी, रोज कढीपत्त्याची डहाळी पाठवणारे. चारही कप्पे रिकामे.

"जाऊनच बघावं लागेल," तनुजा म्हणाली.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "मी निघालो," फैयाज म्हणाला.

रत्नाक्का झोपलेल्या जाईच्या केसांवरून हात फिरवत फोनमधून येणारं बोलणंही ऐकत होत्या. त्यांनी मान हलवली आणि फळीवरच्या चटणीच्या बरणीकडे बोट दाखवलं.

"त्याला आधी इकडं ये म्हणावं," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदाच कुणाच्या घरी जायचं, ते रिकाम्या हातानं नको."